नव्वद रुपयांची सायकल

१

घड्याळातली वाळू संपायला अजून बोटभर उरली होती, आणि खाली रस्त्यावरून माणसं धावत निघाली होती.

सज्जनबाईंना उठता येत नव्हतं. सामायिकाला, म्हणजे नेमाच्या ध्यानाला, बसलं की दोन घटका आसन सोडायचं नाही आणि अवाक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. आदल्या दिवशी, शनिवारी, चौदसेचा पौषध, उपवासाचं व्रत, होता. दिवसरात्र जैन स्थानकात काढून त्या रविवारी उजाडताच घरी आल्या होत्या, आणि पारण्याआधी हे शेवटचं सामायिक करत होत्या. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात माळ. मणी पुढे सरकत होता, पण कान रस्त्यावर होते.

"फरशीवर! फरशीवर पडना!"

"कोण रे?"

"गिरधर मास्तर! डोकं फुटी गयं!"

बाईंच्या हातातला मणी तिथंच थांबला. गिरधर मास्तर खांडबाऱ्याच्या सगळ्या पोरांचे मास्तर. दीपचंदला, त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, त्यांनीच उजळणी शिकवली होती.

माडीखाली त्यांचं कापडाचं दुकान. एवढा वेळ खालून लोखंडी गजाचा आवाज येत होता, कापड मोजताना गज फळीवर आपटतो तसा. तो आवाजही थांबला. शेजारच्या गुजराच्या दुकानातून, पलीकडच्या शिंप्याकडून चपला वाजत गेल्या. सगळा बाजार नदीवरच्या फरशीकडे, त्या ठेंगण्या पुलाकडे, पळाला.

त्यांच्या स्वतःच्या दुकानातून मात्र कोणीच बाहेर पडलं नाही.

वाळू संपली. बाई उठून खिडकीशी गेल्या. दीपचंदला गिऱ्हाईक सोडता आलं नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

२

दुपारपर्यंत सगळं गावभर झालं. बदली झाल्यापासून मास्तर रोज सहा मैल पायी शाळेला जायचे. लढाईमुळे नवी सायकल कुठंच मिळत नव्हती, आणि जुनीला नवीचा भाव आला होता. हिलाल नावाच्या शेतकऱ्यानं आपली सायकल विकायला काढली होती. मागणी नव्वदची, आणि एक पैसा कमी नाही. चार दिवस लोक येऊन बघून जात होते. रविवारी सकाळी मास्तर अचानक गेले, टायर दाबून पाहिले, ब्रेक ओढले, घंटी वाजवली, नव्वद मोजले आणि सायकलवर बसून निघाले. नदीच्या उतारावर पहिला खड्डा आला. हँडल वळलं, पण चाक वळलं नाही. मास्तर फरशीच्या कठड्यावरून खालच्या दगडांवर आपटले आणि जागीच गेले.

उताराशीच बाज्याचं सायकल दुरुस्तीचं छप्पर. तो पहिला पोचला. सायकल उचलून त्यानं हँडल फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मधला नट ढिला करेल शे. कोनी तरी करेल शे."

संध्याकाळच्या आत पोलीस पाटलांनी हिलालला चावडीत बसवलं. कारण उघड होतं. गेल्या वर्षी बांधाच्या दाव्यात मास्तरांनी हिलालविरुद्ध साक्ष दिली होती, आणि हिलाल भर बाजारात ओरडला होता, "या मास्तरनं तोंड मी एक दिन बंद करसू!"

सोमवारी सकाळी हिलालची बायको धनुबाई दुधाचा तांब्या घेऊन आली. तांब्या अर्धा सांडलेला होता.

"शेठाणीबाई, दुपारनी गाडीवर फौजदार येस. मंग तेस्ले धुयाना तुरुंगमा ली जातीन. तठेन कोनी परत येस का?" ती उंबऱ्यावरच बसली. "तुम्ही कितला लोकेस्न्या हाराएल वस्तू शोधी दिध्या. मन्हा माणूसबी शोधी द्या."

खरं होतं ते. कुणाची नथ, कुणाची किल्ली, एकदा तर देवळातली घंटा. सज्जनबाई हळू बोलत, कमी बोलत आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेत. त्यांची सगळी विद्या एवढीच होती.

"मी फक्त बघून येते," त्या म्हणाल्या. "वचन देत नाही."

दुकानातून जाताना त्यांनी दीपचंदकडे पाहिलं. तो गादीवर बसून होता. गज मांडीवर आडवा, समोर कापड नाही, गिऱ्हाईक नाही.

"कुठं निघालीस, बाई?" आईला तो बाईच म्हणायचा.

"चावडीवर."

त्याच्या मांडीवरून गज निसटला आणि जमिनीवर खणखणत पडला.

३

चावडीच्या ओट्यावर सायकल उभी होती. पुढचं चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे तोंड करून. मान मोडलेल्या जनावराकडे पाहवत नाही, तसं बाईंना तिच्याकडे पाहवेना. कोपऱ्यात मास्तरांची बायको गजराबाई भिंतीला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती.

"भाभी, तुम्ही कशाला आलात इथं?" पाटील म्हणाले. "हे काम तुमचं नाही."

"माझ्या दूधवालीचा मालक आहे, पाटील. दोन शब्द विचारते आणि जाते."

आधी त्यांनी गजराबाईला विचारलं. "सायकल घ्यायचं मास्तरांनी कधी ठरवलं होतं?"

"कधीच नाही." गजराबाईचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "शनिवारी रात्री झोपतानासुद्धा नाही म्हणत होते. सकाळी उठले, म्हणाले, पाय दुखतात गं, घेऊनच टाकतो. चहा तसाच राहिला."

बाईंनी मान हलवली आणि बाज्याकडे वळल्या. तो मांडीवर काळे हात ठेवून उकिडवा बसला होता.

"बाज्याभाऊ, तू पाहिली होतीस सायकल?"

"देखी ना. शनिवारनी दुपारले. धनुबाई वावरमा भाकर ली जायेल व्हती, घर कोनी नव्हतं. चाक दोन्ही गुडघास्मा धरं, हँडल पिळी देखं. मंग पाना लाईसन बी देखं. दगडगत घट्ट व्हतं. नटना कोपरा नवा शेतस का काय, असा व्हतात."

"एकटाच होतास, वर हातात पाना!" पाटील गुरगुरले. "तुलापण बसवायला पाहिजे."

"बसाडा!" बाज्या उसळला. "मीच ढिला करता, ते मीच 'घट्ट व्हता' असं सांगतू का? मन्हा डोकामा भुसा शे का?"

ओट्यावर बसलेला जंगलखात्याचा चौकीदार दलसिंग हसला. "भुसा नाही, टायरची माती आहे. पाटील, माझंही लिहा. गुरुवारी हिलाल घरी होता तेव्हा मी पाहिली. नदीपर्यंत चक्कर मारून आलो. सत्तर म्हटले, तर मला म्हणतो, सत्तरला गाढव मिळेल."

"आणि शुक्रवार सकाळपासून तू माझ्याबरोबर नवापूरला," पाटील म्हणाले. "काल दुपारी परतलो आपण. तू नाहीस त्यात."

"आणखी कोणी पाहिली?" बाईंनी विचारलं.

पाटील जरा घुटमळले. "तुमच्या दीपचंदनं. पण त्यानं स्वतःच येऊन सांगितलं, शुक्रवारी संध्याकाळी गेलो होतो. पंच्याहत्तर बोललो, पटलं नाही, परत आलो. धनुबाईपण हो म्हणाली. शनिवारी दुपारी नट घट्ट होता, तर शुक्रवारच्या माणसाशी आपल्याला काय करायचंय? राहिला हिलाल."

बाईंनी 'शुक्रवार' हा शब्द मनाशी एकदा म्हटला. मग त्या सायकलीजवळ गेल्या आणि नटावर बोट फिरवलं.

नटाचे कोपरे झिजून गोल झाले होते. त्यावर बारीक, तिरपे, एकाशेजारी एक असे ओरखडे होते.

"बाज्याभाऊ, हे तुझ्या पान्याचे?"

बाज्यानं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. "नही वं माय. पाना असा चावस नही. हाई ते दातनी पक्कड शे."

४

बाई परत निघाल्या. उन्हात बाजार नेहमीसारखा होता, पण आज प्रत्येक दुकानातून कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं त्यांना वाटत होतं.

पक्कड गावात पाच-दहा घरी असेल. कुणीही आणली असेल. त्यांनी मनाला दुसरीकडे वळवलं. ज्याला मास्तरांना मारायचं होतं त्याला आधी हे माहीत असायला हवं, की ही सायकल मास्तर घेणार. ते तर स्वतः मास्तरांनाही रविवारच्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. हिलाल गुरुवारी रात्रीपासून पाण्याच्या पाळीवर शेतातच होता. रविवारी तो आणि मास्तर एकाच वेळी फाटकात पोचले, हे हिलालच्या शेजारच्या शांतीबाईनं पाहिलं होतं. मग हिलालला वेळ कुठे मिळाला?

म्हणजे मास्तरांना मारायचा कुणाचा बेतच नव्हता. मग नट सोडणाऱ्याला हवं काय होतं?

बाज्याचं छप्पर वाटेत लागलं. तो चावडीवरून घाईघाईनं पुढे आला होता.

"एक सांग, भाऊ. जुन्या सायकलीचा भाव कसा करतात?"

"त्यामा काय शे? टायरना दाणा घासायना ते दहा उतरनात. साखळी लोंबनी ते तीन. बेअरिंग वाजनं ते पाच."

"आणि हँडल ढिलं असलं तर?"

"वीस, पंचवीस. गिऱ्हाईक भिस ना! खरं देखं ते चार आणानं काम शे. पन ज्याले माहीत नही, तो पयस." बाज्या थांबला. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आनि शेठाणीबाई, मधला नट सोडा तरी हँडल लगेच हालस नही. मझार पाचर ऱ्हास, ती अडकी ऱ्हास. धक्का बसना का मंग सुटस."

सगळं जुळत होतं, आणि जे जुळत होतं त्याची बाईंना भीती वाटत होती. नट मास्तरांसाठी सोडलेला नव्हता, भावासाठी सोडला होता. पुढचं गिऱ्हाईक हँडल पिळून बघेल, नाक मुरडून परत जाईल, हिलाल भिईल, आणि नव्वदची सायकल पासष्टला मिळेल. हा विचार करणारा माणूस दुष्ट नसतो. हिशेबी असतो. घासाघीस करायला लहानपणापासून शिकलेला असतो.

घरी सून हुलासबाई चुलीपाशी होती.

"बीनणी, दुकानातली पक्कड कुठंय गं? कापडाच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या सोडायची?"

"खुंटीवर असेल, बाईसा." हुलासबाई उठून पाहून आली. "नाहीये. काल माल आला तेव्हा हे कोयत्यानंच पट्टी तोडत होते. हात कापता कापता वाचला." तिचा आवाज खाली आला. "बाईसा, यांना बरं नाहीये का? शुक्रवारी मेथीची भाजी मागून मागून दोनदा घेतली. आणि कालपासून ताटावर नुसतं बसून उठतात."

बाई जिन्याकडे वळल्या.

शुक्रवार, शुक्रवार. तो शुक्रवारीच गेला होता. पाटलांनी लिहून घेतलंय. धनुबाईनं हो म्हटलंय. या एका वारावर आपलं घर उभं आहे, असं त्यांना वाटलं, आणि तो वार हलवून बघायची त्यांची हिंमत होईना.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "गाडीले तास शे अजून."

५

धनुबाई अंगणातच बसून होती. गेलीच नव्हती.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. विचारलं नाही तर कुणालाच कळणार नव्हतं. विचारायचं नाही, एवढंच करायचं होतं. त्यांनी डोळे मिटले, मनात नवकार मंत्र म्हटला आणि विचारलं, "धनुबाई, दीपचंद तुमच्याकडे आला, तो वार कोणता गं?"

"शुक्रवार ना? दीपचंदभाऊनीच सांगं पाटलास्ले."

"तुला काय आठवतं?"

"माले कसाना वार आठवस, बाई! वावरमा बठ्ठा दिन सारखाच. त्या शेठ माणूस, त्या सांगतीन तेच खरं."

"वार राहू दे. तो आला तेव्हा काय काय झालं, ते सांग. सगळं."

धनुबाईनं पदरानं नाक पुसलं. "उन्ह उतरेल व्हतं. मी घरमा दाणा निवडत व्हतू. त्यास्नी सायकल देखी, हिकडून तिकडून. मी वावरमाईन हरबरानी जुडी आणेल व्हती, ती लीसन बाहेर उनू. म्हणं, खा भाऊ, कवळा शेतस. त्या दचकनात. एक हात मांगेच धरेल. म्हणनात, 'नको, आज हिरवं खात नाही, आज तिथ शे.'" त्याही दुःखात तिच्या ओठाच्या कडेला हसू आलं. "मी म्हणं, हाऊ वाणी लोक! हरबराबी पंचांग देखीसन खातस!"

सज्जनबाई हसल्या नाहीत.

बीज, पाचम, आठम, अगियारस, चौदस. या पाच तिथींना हिरवं तोंडात घालायचं नाही. हा नेम दीपचंदला त्यांनीच घातला होता, आठव्या वर्षी, मांडीवर बसवून. तेव्हा तो पेरूसाठी रडला होता. त्यानंतर आजारपणात नाही, परगावी नाही, लग्नात नाही, त्यानं तो कधी मोडला नव्हता.

शुक्रवारी तेरस होती. तेरसेला त्यानं मेथी मागून खाल्ली होती.

चौदस शनिवारी होती.

आणि बाज्याचा पाना शनिवारी दुपारी लागला होता. दुपार ते रविवारची सकाळ, एवढ्या वेळात त्या अंगणात एकच माणूस आला होता.

धनुबाई त्यांच्याकडे बघत होती. तिला काही कळलेलं नव्हतं. पाटलांना, फौजदाराला, कोर्टाला, कुणालाच त्या हरभऱ्यातून काही कळलं नसतं. साऱ्या खांडबाऱ्यात हे वाचता येणाऱ्या सज्जनबाई एकट्याच होत्या.

"बाई, तुम्ही काबर उठन्यात?"

६

दीपचंदनं दुकानाची अर्धी फळी लावून घेतली होती. अंधारात नव्या कापडाचा खळीचा वास कोंडला होता.

"दीपा," बाई म्हणाल्या, "शनिवारी हिलालच्या अंगणात हरभरा का नाही खाल्लास?"

त्यानं गादीखाली हात घातला आणि पक्कड काढून दोघांच्या मध्ये ठेवली.

"खेडोपाडी बाजार करायला सायकल हवी होती, बाई. नव्वद फार होते. वाटलं, दोन आटे सोडतो. कुणीतरी बघेल, नको म्हणेल, मग सोमवारी मीच जाईन आणि पासष्टला घेईन. नट सोडला, हँडल पिळून पाहिलं, तर हललंच नाही. म्हटलं, जमलं नाही. परत आवळायला पक्कड लावणार, तेवढ्यात ती हरभरा घेऊन बाहेर आली." त्यानं तोंड हातांत झाकलं. "मी पक्कड पाठीमागे धरली. ती म्हणाली खा. माझ्या तोंडून आपोआप निघालं, आज तिथी आहे."

"आणि मग?"

"मग निघून आलो. काही झालंच नाही असं धरून चाललो. रविवारी ओरडा ऐकला तेव्हा गज हातात होता. बाई, मी उठूच शकलो नाही. संध्याकाळी भीतीनं पाटलांना खोटा वार सांगितला. मास्तर होते गं. माझे मास्तर."

लांबून, नवापूरच्या बाजूनं, इंजिनाची शिटी आली. पुलाअलीकडे गाडी नेहमी शिटी द्यायची.

"कुणाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"मला."

"आणखी?"

"आणखी कुणाला नाही."

त्यानं डोळे वर केले. त्या डोळ्यांत जे होतं ते बघून बाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या मुलाची भीती वाटली. तो वाईट होता म्हणून नव्हे. तो आता काय मागेल, आणि आपण ते देऊन टाकू की काय, म्हणून.

"बाई..." तो म्हणाला.

"परवा मी दिवसभर स्थानकात बसून जगातल्या सगळ्या जिवांची क्षमा मागितली," बाई हळू म्हणाल्या. "मुंगीची, पाण्यातल्या जिवाची. चावडीत एक माणूस बसलाय, दीपा. त्याची क्षमा मी तुझ्या वतीनं मागू शकत नाही. तू नाही बोललास तर मला बोलावं लागेल. तो हरभरा मला फौजदाराला समजावून सांगावा लागेल. माझ्या तोंडून." त्यांनी पक्कड त्याच्याकडे सरकवली. "ते माझ्यावर आणू नकोस."

गाडी स्टेशनात शिरल्याचा आवाज आला. वाफ सुटली. मग सगळं शांत झालं.

दीपचंद उठला. पक्कड घेतली. बाहेर पडण्याआधी त्यानं फळी पूर्ण उघडली आणि सकाळी मांडीवरून पडलेला गज उचलून जागेवर ठेवला.

स्टेशनाकडून फौजदार चावडीकडे येत होता. त्याच रस्त्यानं, त्याच्या दहा पावलं पुढे, डोक्यावर टोपी नसलेला एक तरुण शेठ हातात पक्कड घेऊन चालला होता, आणि त्याच्यामागे पांढऱ्या लुगड्यातली त्याची आई. वाटेत बाज्या उठून उभा राहिला.

७

हिलाल त्याच संध्याकाळी घरी गेला. दीपचंदला दीड वर्षाची शिक्षा झाली. सायकल पुराव्यातून सुटून गजराबाईकडे आली, तिनं ती घरात घेतली नाही. ती चावडीच्या ओट्यावरच गंजत राहिली. तिचा भाव पुन्हा कुणी विचारला नाही.

गावानं सज्जनबाईंकडे वस्तू शोधायला येणं सोडलं. बहुतेकांना वाटलं, त्यांना त्रास नको. काहींना वाटलं, ही बाई शोधते ते जरा जास्तच शोधते. धनुबाईचं दूध मात्र एक दिवस चुकलं नाही, आणि पाच तिथींना ती दारात हिरवी जुडी घेऊन कधी आली नाही.

बाईंचा नेम चालूच होता. फक्त एक नवी भीती त्यांच्या आसनावर त्यांच्याजवळ येऊन बसू लागली. त्या नेमानंच आपल्या पोराला पकडून दिलं. आता तो तिथं त्या नेमाचा आणि नेम घालणारीचा राग राग करत असेल का?

चैत्रात धुळ्याच्या तुरुंगातून पहिलं कार्ड आलं. हुलासबाईनं वाचून दाखवायला घेतलं, पण बाईंनी ते स्वतःकडे मागून घेतलं. तीन ओळी होत्या.

"बाई, पगेलागणा. इथं सगळ्यांना पाल्याची भाजी देतात. आज आठम, म्हणून ठेवली, नुसती भाकरी खाल्ली. शेजारचा हसला. मी त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली."

बाईंनी कार्ड दोनदा वाचलं. मग आसन अंथरलं, वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि मुहपत्ती बांधली.